आधी पत्रा, शेवटी रंग

डेट्रॉइट शहराच्या पोटात, जमिनीखाली सुमारे साडेतीनशे मीटरवर, मिठाची खाण आहे. वर मोटारींचे कारखाने, खाली मीठ. हिवाळ्यात बर्फ पडले की रस्त्यांवर असेच खाणीतले मीठ पसरतात. बर्फ वितळते, रस्ता मोकळा होतो आणि खारट चिखल उडून गाड्यांच्या पोटाला चिकटतो. अपघातांतून वाचलेल्या, मालकांनी जिवापाड जपलेल्या कितीतरी अमेरिकन गाड्या या चिखलाने खाल्ल्या. मुंबईत किंवा कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. खाऱ्या हवेत दोन-चार पावसाळे काढलेल्या गाडीच्या दाराखालची कड कशी दिसते, हे त्याला ठाऊक असते.

मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन मसल कार घरच्या गॅरेजमध्ये, मोजक्या पैशांत पुन्हा उभी करायची असेल, तर विचाराची सुरुवात या मिठापासून करावी. बहुतेक लोक ती इंजिनापासून करतात. गाडी बघायला जातात, किल्ली फिरवतात, व्ही-८चा गडगडाट ऐकतात आणि तिथेच पैसे मोजून मोकळे होतात. पण इंजिनाचा खर्च आधी सांगता येतो. ते खाली उतरवता येते, उघडता येते, झिजलेले भाग मोजून बदलता येतात. पत्र्याच्या खर्चाचा अंदाज कोणी छातीठोकपणे देऊ शकत नाही, कारण सडलेला तुकडा कापला की त्यामागचा सडलेला तुकडा दिसतो आणि तो कापला की त्याच्याही मागचा. घरगुती कामाचे अंदाजपत्रक कोसळते ते इथे. म्हणून ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी असलेली, रंग उडालेली, सीट फाटलेली आणि इंजिन बंद पडलेली गाडी मिशिगन-ओहायोतल्या चकचकीत, चालत्या गाडीपेक्षा बहुधा स्वस्त पडते. ट्रकवर घालून आणण्याचे भाडे धरूनसुद्धा.

या गाड्यांचा जन्म कसा झाला, ते थोडक्यात सांगायला हवे, कारण त्यांचे गुण आणि दुखणी दोन्ही तिथूनच आली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्समध्ये नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही. पॉन्टिॲकमध्ये जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून वाट काढली. त्यांनी ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन १९६४च्या टेम्पेस्ट गाडीत स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता, तीनशे डॉलरच्या आतबाहेर किमतीचा जादा पर्याय म्हणून दिले. त्या पर्यायाचे नाव जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२ हजारांहून अधिक लोकांनी तो घेतला. मग प्रत्येक कंपनीने साध्या, हलक्या, तरुणांना परवडेल अशा गाडीत मोठे इंजिन घालायला सुरुवात केली. हे पर्व जेमतेम दहा वर्षे टिकले. विम्याचे हप्ते वाढले, १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा आला, त्यानंतर इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरले आणि १९७३च्या तेलसंकटाने उरलीसुरली मागणी संपवली.

आपल्याकडे या गाड्या जवळजवळ आल्याच नाहीत. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या होत्या. पण १९६४च्या सुमारास, अमेरिकेत जीटीओ रस्त्यावर आली तेव्हा, तिथे १,०८९ सीसीची फिएट तयार होत होती. जीटीओचे इंजिन तिच्या जवळपास सहापट मोठे होते. मराठी माणसाची मसल कारशी गाठ पडली ती पुढे, डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांमध्ये नोकरीला गेलेल्या इंजिनिअरांमुळे. घराला जोडलेले दोन गाड्यांचे गॅरेज, लांबलचक हिवाळा आणि हाताला काम हवे असण्याची सवय या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या.

आता कोणती गाडी घ्यावी? माझे उत्तर १९६५ किंवा १९६६ची फोर्ड मस्टँग. काटेकोर लोक तिला मसल कार मानत नाहीत, पोनी कार, म्हणजे लहान आणि स्वस्त स्पोर्टी गाडी, म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून आहे. पण कमी पैशांत घरी काम करायचे तर तिच्याइतकी सोयीची दुसरी गाडी मला दिसत नाही. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ती लोकांसमोर आली, किंमत २,३६८ डॉलर. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांवर गाड्या खपल्या आणि मार्च १९६६मध्ये दहा लाखावी मस्टँग तयार झाली. एवढ्या गाड्या बनल्या म्हणून एवढ्या उरल्या, आणि एवढ्या उरल्या म्हणून तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नव्याने तयार होतो. दाराचे हँडल, काचेचे रबर, फरशीचा पत्रा, अगदी आख्खी बॉडीसुद्धा. शिवाय किंमत खाली ठेवण्यासाठी फोर्डने तिचा सांगाडा, सस्पेन्शन आणि बरेच यंत्रभाग साध्या फाल्कन गाडीतून उचलले होते. ज्या स्वस्ताईमुळे ती गंजते, त्याच स्वस्ताईमुळे ती साध्या पान्यांनी, अंगणात उघडता येते.

गाडी बघायला जाताना तीन गोष्टी बरोबर न्याव्यात: मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक, चांगली बॅटरी आणि पाण्याची बादली. चुंबक दारांच्या खालच्या कडांवर, मागच्या चाकांच्या कमानींवर आणि मडगार्डच्या टोकांवर फिरवायचे. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग कारखान्याने गाडीला दिलेला क्रमांक बघायचा. तो बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. दारावरची पाटी नवी करून मिळते, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. क्रमांकातले पाचवे चिन्ह इंजिन सांगते: ‘टी’ म्हणजे २०० घन इंचांचे सहा सिलिंडर, ‘सी’ आणि ‘ए’ म्हणजे २८९ घन इंचांचे व्ही-८, ‘के’ म्हणजे २७१ अश्वशक्तीचे दुर्मीळ व्ही-८. ‘के’ गाडी घरगुती बजेटची नव्हे. आणि ती स्वस्तात कोणी देऊ केली तर कागद दोनदा वाचावेत.

इथे एक मोह टाळायला हवा. सहा सिलिंडरची गाडी स्वस्त मिळते. ती घेऊ आणि पुढे व्ही-८ बसवू, असा विचार मनात येतोच. पण या दोन गाड्यांत फरक फक्त इंजिनाचा नाही. सहा सिलिंडरच्या गाडीची चाके चार नटांची, व्ही-८ची पाच नटांची. ब्रेक, पुढचे हब, स्टिअरिंगचे दांडे, मागचा ॲक्सल, सगळेच वेगळे. हे बदलत गेले की खर्च मूळच्या व्ही-८ गाडीच्या किमतीपलीकडे जातो. व्ही-८ हवे असेल तर व्ही-८च घ्यावी. आणि सहा सिलिंडर घेतली तर ती तशीच मनापासून चालवावी. सात बेअरिंगांचा क्रँक असलेले ते २०० घन इंचांचे इंजिन फार टिकाऊ आहे.

मूळ इंजिन गाडीत असणे संग्राहकांना मोलाचे वाटते. या दोन वर्षांच्या मस्टँगमध्ये ती चिंता सोडून द्यावी. ‘के’ गाड्या वगळता फोर्डने इंजिनावर गाडीचा क्रमांक घातलाच नव्हता, त्यामुळे सिद्ध करण्यासारखे फारसे काही नसते. त्या नावाखाली जादा पैसे देऊ नयेत.

आता बादली. पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या मागे, जाळी असलेला आडवा पत्रा असतो. अमेरिकन मेकॅनिक त्याला काउल म्हणतात. हा दोन पत्र्यांचा बंद खोका आहे. जाळीतून हवा आत येते आणि डॅशबोर्डखालच्या दोन उभ्या गळ्यांतून पायांपाशी उतरते. जाळीतून हवेबरोबर पाऊसही आत येतो. तो खोक्याच्या तळावरून दोन्ही बाजूंना वाहत पुढच्या चाकांमागे बाहेर पडावा, अशी रचना आहे. पण झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीत पाने जातात, त्यांचा ओला गाळ तळाशी बसतो आणि आत नीट रंग न पोहोचलेला पत्रा त्या गळ्यांच्या बुडाशी सडतो. मग पाणी गाडीच्या आत टपकते, गालिच्याखाली मुरते आणि पायाखालची फरशी वरून गंजत जाते.

मस्टँगच्या फरशीला पडलेली भोके पाहून लोक नवी फरशी मागवतात. महिनाभर वेल्डिंग करून ती बसवतात, आणि पहिल्याच पावसात नव्या फरशीवर पाणी. रोग वर होता, उपचार खाली झाला. म्हणून विकत घेण्याआधीच जाळीत बादलीभर पाणी ओतायचे आणि बॅटरी घेऊन डॅशबोर्डखाली बघायचे. पाणी चाकांमागून खाली आले तर ठीक. आत टपकले तर किमतीत मोठी घट मागायची किंवा पुढची गाडी बघायची.

काउल पूर्ण बदलणे हे घरच्या गॅरेजमधले सर्वांत किचकट काम आहे. त्यासाठी पुढची मडगार्डे काढून ढीगभर स्पॉट वेल्ड एक-एक करून ड्रिलने सोडवावे लागतात. सडलेला भाग फक्त गळ्याच्या कडेपुरता असेल तर गंज घासून, गंजरोधक लावून, वरून तयार मिळणारी टोपी सीलंटने चिकटवता येते. ती कायमची दुरुस्ती नव्हे, पण रोज पावसात उभ्या न राहणाऱ्या गाडीला बरीच वर्षे पुरते. शुद्धतावाद्यांना ही तडजोड खपत नाही. बजेट आखून काम करणाऱ्याने ती डोळसपणे करावी, असे मला वाटते. मात्र पाणी थांबल्याची खात्री झाल्याशिवाय फरशीला हात लावू नये.

फरशी कापण्यापूर्वी आणखी एक गोष्ट. मस्टँगला वेगळी चेसिस नाही; बॉडी हाच तिचा सांगाडा. फरशी काढली की मधला भाग लवचीक होतो आणि नवा पत्रा जोडेपर्यंत दारांच्या फटी बदललेल्या असतात. उघड्या टपाच्या गाडीत तर वर छताचाही आधार नाही. म्हणून आधी दारांच्या चौकटीत आडव्या-तिरक्या नळ्या वेल्ड करून घ्यायच्या, गाडी सपाट जमिनीवर मजबूत स्टँडवर ठेवायची, आणि दोन्ही बाजूंची फरशी एकदम न कापता एका बाजूचे काम संपवून दुसरी हाती घ्यायची. घरच्या विजेवर चालणारे लहान मिग वेल्डिंग यंत्र, आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचा सिलिंडर आणि ०.६ मिलिमीटरची तार एवढे पुरते. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. सलग टाका घातला तर तो तापून वाकतो. एक टिपका इथे, पुढचा हातभर लांब, मग थांबायचे. शिकाऊ हाताने आधी भंगारातल्या पत्र्यावर सराव करावा. हे वेल्डिंग एकदा जमले की बजेट आटोक्यात येते, कारण दुरुस्तीच्या कारखान्यात सगळ्यात जास्त तास लागतात ते या कामाला, आणि पैसे तासांवर मोजले जातात.

सुट्या भागांवरचा गंज काढायला महागडी यंत्रे लागत नाहीत. अमेरिकेतले हौशी लोक जनावरांच्या खाद्याच्या दुकानातून मळी आणतात, एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण पिंपात करतात आणि बिजागऱ्या, कंस, बोल्ट त्यात एक-दोन आठवडे बुडवून ठेवतात. मळीतले पदार्थ गंजातले लोह धरून सोडवतात, चांगल्या लोखंडाला जवळजवळ धक्का लावत नाहीत. वास मात्र भयंकर येतो. साखर कारखान्याजवळ राहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. घाई असेल तर धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून विजेने गंज सोडवता येतो. जुन्या पद्धतीच्या चार्जरचे ऋण टोक भागाला, धन टोक लोखंडाच्या तुकड्याला. त्या तुकड्याच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हे काम उघड्यावरच करावे, हायड्रोजन सुटतो. आणि स्प्रिंगा यात टाकू नयेत. हायड्रोजनने त्या ठिसूळ होतात.

पत्र्याच्या खालोखाल ब्रेक. या गाडीचा मास्टर सिलिंडर एकाच खान्याचा आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. १९६७च्या मस्टँगपासून दोन खान्यांचा सिलिंडर आला आणि तोच जुन्या गाडीवर बसवता येतो. थोड्या नळ्या नव्याने वळवाव्या लागतात. हा खर्च टाळू नये. बाकी कशातही काटकसर करा, यात नको. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, तेव्हा ड्रमातली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुना रंग घासताना त्यातल्या शिशासाठी चांगला मास्क हवाच. आणि पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंग योग्य काँप्रेसरशिवाय सोडवू नये. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडते किंवा जीवही जातो.

डिक्की उघडून खाली पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते: पेट्रोलची टाकी हीच डिक्कीची फरशी आहे. मागून धक्का बसला तर पेट्रोल आणि मागची सीट यांच्यामध्ये पुठ्ठ्याशिवाय विशेष काही नसते. सीटच्या पाठीमागे पोलादी पत्रा बसवायला एक दुपार लागते. घरच्यांना मागे बसवायचे असेल तर तो बसवावाच.

इंजिनाविषयी लोक सर्वाधिक बोलतात. मी थोडक्यात सांगतो. ते उघडण्याआधी सगळ्या सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडे एकमेकांच्या जवळ असतील, तेलाचा दाब ठीक असेल आणि धूर नसेल तर इंजिन उघडू नये. कार्ब्युरेटर साफ करावा, पाण्याचा पंप, पट्टे आणि रबरी नळ्या बदलाव्यात. पेट्रोलच्या जुन्या नळ्या इथेनॉल मिसळलेल्या आजच्या इंधनात विरघळत जातात आणि गरम इंजिनावर गळतात, म्हणून त्या सगळ्या नव्या हव्यात. तेल निवडताना त्यात जस्ताचे संयुग पुरेसे आहे ना हे बघावे. जुन्या सपाट टॅपेटांना ते लागते आणि आधुनिक तेलांत ते कमी केलेले आहे. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले की गाडी थंडीत सुद्धा पहिल्या किल्लीला लागते.

कमी पैशांत सर्वांत मोठा फरक पाडणारी सुधारणा इंजिनात नाहीच. फोर्डचे सस्पेन्शन-तज्ज्ञ क्लाउस आर्निंग यांनी दाखवून दिले होते की पुढच्या चाकाची वरची भुजा जिथे बांधली आहे ती जागा सुमारे एक इंच खाली घेतली, तर वळणावर बाहेरचे चाक रस्त्यावर जास्त सरळ टेकते. कॅरोल शेल्बी यांच्या १९६५च्या जीटी ३५० गाड्यांत हाच बदल केलेला होता. घरी तो करायला लागतो एक साचा, एक चांगले ड्रिल बिट आणि चार नवी भोके. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट मात्र करून घ्यावेच लागते. मूळ मस्टँग वळणावर नाक पुढे रेटत जाते. हा बदल केला की ती स्टिअरिंगचे ऐकते. शेकडो डॉलरच्या चकचकीत सामानाआधी हे काम करावे.

रंग सर्वांत शेवटी, आणि घाई न करता. अमेरिकेत अर्ल शाइब नावाची रंगकाम करणारी साखळी होती. कोणतीही गाडी २९.९५ डॉलरमध्ये रंगवून देऊ, ही तिची जाहिरात अनेक वर्षे गाजली. ती दुकाने २०१० साली बंद झाली, पण त्यांच्या धंद्यातले एक गणित खरे होते: रंग फवारणे हा खर्चाचा लहान भाग, घासून-घोटून पृष्ठभाग तयार करणे हा मोठा. तो मोठा भाग घरी करता येतो. लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून, वरून हलका काळा फवारा मारून, खड्ड्यांतले काळे नाहीसे होईपर्यंत घासत राहायचे. पुट्टी लागेल, पण पातळ थरात आणि चांगल्या पत्र्यावरच. फवारणीचे काम मात्र बाहेर द्यावे. आजच्या टिकाऊ रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडू शकतो, आणि साधा मास्क त्याला अडवत नाही.

या सगळ्यात गाडी पूर्ण खोलायची नाही, हे मी आग्रहाने सांगेन. अमेरिकेतल्या कार्लाइल किंवा हर्शीच्या जत्रांमध्ये जुन्या सुट्या भागांबरोबर अर्धवट गाड्याही विकायला येतात; बॉडी ट्रेलरवर, बाकी सगळे खोक्यांत. कोणी तरी एका उत्साहाच्या आठवड्यात सगळे खोलले आणि मग वर्षे गेली. संपूर्ण रिस्टोरेशनचे काम हजार तासांच्या घरात जाते. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करणाऱ्याला तेवढे तास कित्येक वर्षांत मिळतात. म्हणून एका वेळी एकच हिस्सा उघडावा, तो पुरा करून गाडी पुन्हा चालती करावी. एका हिवाळ्यात काउल आणि फरशी, वसंतात ब्रेक. उन्हाळाभर ती प्रायमरच्या करड्या अंगाने, जुन्या सीटांसह चालवावी. काय कुरकुरते, कुठे गळते, कोणत्या वेगाला थरथरते, हे चालवतानाच कळते, आणि पुढच्या हिवाळ्यात पैसे कुठे घालायचे ते त्यावरून ठरवता येते.